अपेक्षांचा रकाना

माझ्या आत्याने डोंबिवलीत तीस-पस्तीस वर्षं वधूवर सूचक केंद्र चालवलं. आता मुलं-मुली मोबाइलवरच एकमेकांना शोधतात, त्यामुळे पूर्वीसारखी गर्दी नाही. तरी ओळखीच्या घरांतले बायोडेटा अजून तिच्याकडे येतात आणि रविवारी दुपारी ती ते चाळत बसते. मी ठाण्याला बँकेत गृहकर्जाचं काम बघते. माझं ठरत आलेलं लग्न मीच थांबवलं, तेव्हापासून आम्हा दोघींत एकच वाद चालू आहे. बाईने जोडीदाराकडून किती मागावं, आणि कुठे ‘बस’ म्हणावं? हा वाद एका बैठकीतला नाही. पोळ्या लाटताना, लोकलच्या दारात, फोनवर असा तो तुकड्यातुकड्यांनी झाला. इथे तो सलग मांडते आहे, आणि माझी बाजू कोणती हे लपवत नाही.

आत्या: मला आधी हे सांग, फुलं आणली म्हणून कुणी लग्न मोडतं का?

मी: फुलांसाठी नाही मोडलं. त्या दिवशी शाखेत ऑडिट होतं. मी त्याला सकाळीच सांगितलं होतं, आज बँकेत येऊ नकोस, संध्याकाळी भेटू. तो भर दुपारी आला. हातात गुलाबांचा गुच्छ, मागे मोबाइलवर शूटिंग करणारा मित्र. समोर ऑडिटर बसलेले, काउंटरपाशी पेन्शनवाल्यांची रांग. सगळे कौतुकाने माझ्याकडे बघत टाळ्या वाजवायला लागले. मीही हसले, दुसरं काय करणार? रात्री त्याला म्हटलं, मी नको म्हणाले होते ना, मला फार अवघडल्यासारखं झालं. तर म्हणाला, दुसऱ्या मुली अशा गोष्टींवर जीव टाकतात. आणि मग अबोला. फोन उचलेना, मेसेज वाचून उत्तर देईना. शेवटी सॉरी कुणी म्हटलं असेल? मी. नको म्हणाले मी, ते मोडलं त्याने, आणि सॉरीही मीच म्हणायचं. हे एकदा झालं असतं तर मीही सोडून दिलं असतं.

आत्या: अगं, हौस असते मुलांना. चुकतात. शिकवलं की शिकतात. तुझे काका लग्नानंतर वर्षभर माझ्याशी धड चार वाक्यं बोलले नव्हते. मला वाटायचं, कुठल्या भिंतीशी गाठ मारली माझी! पुढे मला टायफॉइड झाला, तेव्हा ह्याच माणसाने रात्र रात्र जागून कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पहिल्याच वर्षात निकाल लावून मोकळी झाले असते, तर तो माणूस मला दिसलाच नसता. तुम्ही लोक कुणाला वेळच देत नाही.

मी: काका अबोल होते, हे मान्य. पण तू नको म्हटलंस आणि त्यांनी ते मोडून काढलं, असं कधी झालं?

आत्या बराच वेळ आठवत राहिली.

आत्या: नाही. तसं नाही झालं. उलट मी हे केंद्र काढायचं म्हटलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, घरात परकी माणसं यायला नकोत. हे कधी नव्हे ते बोलले. म्हणाले, पुढची खोली तिची, तिथे काय करायचं ते ती ठरवेल.

मी: मग तुला जो माणूस पुढे दिसला, तो पहिल्यापासून तसाच होता. फक्त बोलत नव्हता.

मला या सगळ्या वादात हाच फरक महत्त्वाचा वाटतो. माणसात उणिवा असतात: कुणी घुमा, कुणी पसारा करणारा, कुणी भेटायला हटकून अर्धा तास उशिरा येणारा. या गोष्टींशी जुळवून घेता येतं, जुळवून घ्यावंही, कारण त्यालाही आपल्याशी जुळवून घ्यायचं असतं. पण माझं ‘नको’ त्याच्या लेखी नुसती एक अडचण असेल, प्रेमाने, रुसव्याने, चारचौघांत लाजवून दूर करता येण्यासारखी, तर ती उणीव नव्हे. लग्नानंतर तेच ‘नको’ नोकरीच्या बदलीबद्दल असेल, मूल कधी हवं याबद्दल असेल, त्या रात्री अंगाला हात लावू नकोस असं असेल. गुच्छाच्या वेळी जे ऐकलं गेलं नाही, ते तेव्हा ऐकलं जाईल असं मानायला काय आधार आहे? म्हणून माझ्या मते लहान नकार लवकर देऊन बघावा. आज सिनेमा नको, आज फोनवर नको, तुझ्या मित्रांबरोबर गोव्याला नको. तो नाराज होईल, होऊ दे. नाराज होण्याचा त्याला हक्क आहे. त्या नाराजीचं पुढे तो काय करतो, एवढंच बघायचं.

आत्याचा मुद्दा मात्र इथे संपत नव्हता. तिने फाइल पुढे ओढली.

आत्या: तुझं एकवेळ समजलं. पण हे बघ की! हा अपेक्षांचा रकाना. उंची पाच-दहा, पॅकेज अमुक, मुंबई किंवा पुण्यात स्वतःचा फ्लॅट, एकत्र कुटुंब नको, मोठ्या नणंदेची जबाबदारी नको. मुलीचा स्वतःचा पगार निम्मा. पूर्वी आम्ही लिहायचो ‘निर्व्यसनी, सुस्वभावी’, झालं. गावाकडच्या पोरांचं काय चाललंय माहीत आहे ना? २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात बिनलग्नाची पोरं नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती. शेती करतो म्हटलं की मुलगी पुढचं ऐकत नाही.

मी: त्या मोर्चाची मागणी काय होती, तेही सांग. गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा, अशी. त्या मुलांना बरोबर कळलं होतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. बीडमध्ये ८०७. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्यांची भरपाई जन्मलेल्या मुलींनी अपेक्षा कमी करून का करायची? आणि शेतकऱ्याला नकार म्हणजे शेतीचा तिरस्कार, हेही पुरतं खरं नाही. आईला पहाटे उठून धारा काढताना, दिवसभर खुरपताना, परत रात्री चुलीपुढे बसताना त्या मुलीने पाहिलेलं असतं. सातबाऱ्यावर आईचं नाव नसतं, तेही पाहिलेलं असतं.

आत्या: आणि फ्लॅट? त्याचं काय समर्थन आहे तुझ्याकडे?

मी: फ्लॅटचं तर मला विचारूच नकोस, रोज तेच बघते. नवराबायको माझ्या टेबलाशी येतात. त्याच्या एकट्याच्या पगारात कर्ज बसत नाही, म्हणून तिची सॅलरी स्लिप जोडतात. फ्लॅट मात्र त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या नावावर. ती सहकर्जदार, पण मालक नाही. सही घ्यायच्या आधी मी विचारते, मॅडम, अॅग्रीमेंटमध्ये तुमचं नाव आहे का? त्या माझ्याऐवजी नवऱ्याकडे बघतात. हप्ते थकले तर बँक दोघांना धरते, सिबिल दोघांचं बिघडतं. उद्या घटस्फोट झाला तरी कर्जाच्या कागदावरून तिचं नाव आपोआप निघत नाही. लग्न न झालेल्या मुलींचं तर आणखी कठीण. ‘आपलंच आहे’ म्हणून त्याच्या बुलेटसाठी हिने पर्सनल लोन काढलेलं असतं. तो निघून जातो, हप्ता राहतो. कागदावर लिहून मागितलं असतं तर काय बोलणी खावी लागली असती? पैशाकडे बघून प्रेम करतेस!

आत्या: म्हणजे प्रेमातही करारनामा.

मी: प्रेमात नको. कर्जात तरी हवा.

यावर आत्या हसली नाही. तिच्या ओळखीतली एक बाई याच कारणाने निवृत्तीच्या वयात दुसऱ्याचं कर्ज फेडते आहे, हे तिने मला नंतर सांगितलं.

एका बाबतीत मात्र मी तिच्या बाजूला गेले. रील्सवर नात्याचे जे नियम फिरतात, त्यांचा आत्याला संताप आहे. तीन तासांत उत्तर आलं नाही की सोडून द्या. पहिल्या भेटीत बिल त्याने दिलं नाही की सोडून द्या. आईशी रोज बोलतो? सोडून द्या. कारण न सांगता फोन उचलणं बंद करायचं आणि त्याला स्वाभिमान म्हणायचं. आत्या म्हणते, हे माणसं पारखणं नव्हे, माणसं टाकणं आहे. खरं आहे. समोरच्यालाही ‘मला हे चालत नाही’ एवढं तोंडाने ऐकण्याचा हक्क आहे. जी मर्यादा आपण सांगितलीच नाही, ती ओलांडल्याबद्दल कुणाला दोषी धरता येत नाही. आणि जी मर्यादा मी घालते, ती माझ्याबद्दल असते: मी रात्री दहानंतर फोन घेणार नाही, मी पासवर्ड देणार नाही, मी ओरडणाऱ्या माणसासमोर बसून राहणार नाही. त्याने कुठल्या मैत्रिणीशी बोलायचं नाही, कोणते कपडे घालायचे, हे मी ठरवायला लागले तर तो ताबा झाला. मुलींनीही हा ताबा गाजवलेला मी पाहिला आहे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने होणाऱ्या नवऱ्याच्या मोबाइलवर लोकेशन कायमचं चालू करून घेतलं होतं आणि त्याला ती काळजी म्हणत होती. मुलाने हेच केलं असतं तर आम्ही सगळ्यांनी मिळून तिला त्याच्यापासून सोडवलं असतं.

पण यापुढे आत्याने जो प्रश्न विचारला, तो रील्सवाल्यांना सुचणारा नव्हता.

आत्या: मर्यादा घाल म्हणणं सोपं आहे गं. नाही म्हणायला मागे काहीतरी लागतं. तुझ्याकडे पगार आहे, भाऊ-वहिनींनी तुला एका शब्दाने टोचलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलींच्या मागे काय आहे? बापाने हॉलला आगाऊ रक्कम भरलेली, धाकटी बहीण लग्नाची. ती नाही कशाच्या जोरावर म्हणणार?

मी: हेच मला म्हणायचंय. तू रखमाबाईंची गोष्ट मला लहानपणी सांगितली होतीस.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिलं होतं. त्या आईकडेच, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या, वाचत-शिकत मोठ्या झाल्या आणि नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपील झालं आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. टिळकांसारखा माणूस त्यांच्या विरोधात लिहीत होता. त्या स्वतः ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात लिहीत होत्या. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, मग परतल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी अनेक वर्षं रुग्णसेवा केली.

आत्या: बघ ना, डॉक्टर सखाराम अर्जुन नसते तर? आणि आई, जयंतीबाई? ज्या बाईने स्वतः वैधव्यानंतर पुन्हा लग्न केलं होतं, तीच मुलीला घरात ठेवून घेऊ शकली. रखमाबाईंचा बाणेदारपणा होताच. पण त्यांना राहायला घर होतं.

मी: घर होतं, पुस्तकं होती, पुढे फी भरणारी माणसं मिळाली. म्हणून मुलींना नुसतं ‘स्वतःची किंमत ओळखा’ असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. किंमत तिला माहीत असते. रात्री अकरा वाजता बॅग घेऊन ती कुणाचं दार वाजवू शकते, हे माहीत नसतं. त्या खटल्यातला तुरुंग आता राहिला नाही, पण हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ अजून आहे. नांदायला येत नाही म्हणून नवरा आजही कोर्टात जाऊ शकतो, तसं बायकोलाही जाता येतं. दुसरीकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा नुसती मारहाण बघत नाही. अपमान करणं, पैसे अडवणं हेही त्यात धरतो, आणि लग्नाशिवाय नवराबायकोसारख्या राहणाऱ्या जोडप्यातल्या बाईलाही संरक्षण देतो. पण कोर्टाची तारीख लागेपर्यंत झोपायचं कुठे? ते माहेरच द्यायला हवं, मैत्रिणींनी द्यायला हवं.

आत्या: माझ्याकडे साखरपुड्यानंतर एक मुलगी आली होती. म्हणाली, काकू, तो फोनवर फार ओरडतो. मी तिची समजूत घातली, ऑफिसचा ताण असेल. आज तिला दोन मुलं आहेत, नवरा तिला फुलासारखं जपतो, दिवाळीला दोघं भेटायला येतात. आणि अशीच दुसरी आली होती. तिलाही मी तेच सांगितलं. ती वर्षाच्या आत माहेरी परत आली, एका कानाने तिला ऐकू येत नाही. दोघींनी मला एकच वाक्य सांगितलं होतं. आता सांग, मी काय ओळखायला हवं होतं?

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं आणि मी ते बनवलंही नाही. एवढंच म्हटलं की ओळखायचं काम तिच्या एकटीचं नव्हतं. त्या दुसऱ्या मुलीला ‘अजून थांब, हॉलचे पैसे गेले तर जाऊ देत’ असं म्हणणारं एक जरी माणूस असतं, तर तिला स्वतःलाच आणखी थोडं बघायला वेळ मिळाला असता. घाईत सगळ्यांचं ओरडणं सारखंच वाटतं.

आणि नकार देण्याची भीती. तिच्याबद्दल तर आम्ही दोघी बोलायचं टाळत होतो. आत्यानेच विषय काढला.

आत्या: १९९० साली उल्हासनगरात, इथून चार स्टेशनं पलीकडे, दहावीच्या परीक्षेच्या वर्गात शिरून मुलीला जाळलं. एकतर्फी प्रेम म्हणे! माझं केंद्र तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. कितीतरी आया घाबरून मुलींची स्थळं शोधायला आल्या. कोवळ्या पोरी. नकार कसा द्यायचा हे शिकवायचं सोडून आम्ही त्यांची लग्नं लावली.

मी: तीस वर्षांनी, २०२० मध्ये, हिंगणघाटला शिकवायला निघालेल्या प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. २०१३ पासून पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा गाठणं, मेसेज करत राहणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, सगळं त्यात येतं. पण गावात अजून काय म्हणतात? तिने आधी हसून बोलायला नको होतं. सिनेमात नायिका दहा वेळा नाही म्हणते आणि अकराव्या वेळी हो. ते बघून मोठा झालेला मुलगा दहावं ‘नाही’ ऐकून घरी का जाईल? बँकेत गुच्छ बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्यांची मला म्हणूनच जास्त भीती वाटली.

आत्या: तो मुलगा असा नव्हता गं.

मी: नसेल. मी तसं म्हणतही नाही. तो चांगल्या घरचा, शिकलेला, आईवडिलांना सांभाळणारा आहे. पण तो चांगला आहे हे सिद्ध करायला मी माझी दहा वर्षं का लावू?

आत्याचं अजूनही मत आहे की मी त्याला आणखी एक संधी द्यायला हवी होती. माझं तसं मत नाही. यावर आमचं जुळेल असं मला वाटत नाही, आणि त्यामुळे आमच्यातलं काही बिघडलेलंही नाही.

आत्या: आणि कुणी भेटलाच नाही तर? म्हातारपण फार लांब नसतं.

मी: त्याची भीती मलाही वाटते. कधी कधी फार वाटते. मला सोबत हवी आहे, घर हवं आहे, भांडायला माणूसही हवं आहे. त्या भीतीने मी बघायचं सोडणार नाही, आणि तिच्यापायी घाईने होही म्हणणार नाही. तू तरी माझ्यासाठी स्थळं बघायचं सोडू नकोस.

आत्या: सोडते कुठे! पण मग माझ्याकडे येणाऱ्या मुलींना तुझ्या त्या ‘नको’बद्दल विचारायचं कधी? हॉल आठ-आठ महिने आधी धरावा लागतो. साखरपुड्यानंतर विचारलं की आईबाप माझ्यावर धावून येतात.

मी: हॉलच्या आधी विचार. एकटीला. तू त्याला कशाला नाही म्हणालीस आणि मग त्याने काय केलं, एवढंच.

आत्या: आणि अजून कशालाच नाही म्हणाली नसेल तर?

मी: तर सांग, आधी एकदा म्हणून बघ. हॉल नंतर.

परवा मी तिच्याकडे गेले तेव्हा ती कल्याणच्या एका बाईंशी फोनवर बोलत होती. पलीकडून मुलीची आई सांगत होती की मुलगा देखणा आहे, पत्रिका जुळली आहे, आता आमच्या मुलीला वेगळं काय विचारायचं, ती आमच्या शब्दाबाहेर नाही.

“ते कळलं हो,” आत्या म्हणाली. “पण फोन तिच्याकडे द्या, आणि तुम्ही जरा बाहेरच्या खोलीत बसा.”